पाण्याखालचं शिवार

बांध घालताना मी कंटूर रेषा कशी आखतो, ते तुम्ही पाहिलं आहे. आज तीच रेषा कागदावरची सांगतो.

कचेरीच्या जुन्या कपाटात कोयना खोऱ्याचा नकाशा सापडला. सर्व्हे ऑफ इंडियाचा, धरणाआधीचा, कापडावर चिकटवलेला. एक इंचाला एक मैल. सह्याद्रीचं रान हिरवं, खाचरं पिवळी, घरं तांबडी. दर पन्नास फूट उंचीला एक तपकिरी रेषा. दाट तिथं कडा, विरळ तिथं नांगर चालेल अशी जमीन.

आमचं गाव त्याच खोऱ्यातलं. धरण भरलं की पाणी २१६३ फुटांवर येतं. मी रेषा मोजल्या. खाचरं २१०० च्या खाली, घर २१५० च्या जरा खाली. सगळं पाण्यात. देऊळ मात्र २२०० च्या वर!

आबा नव्वदीला टेकलेले. पाणी चढण्याआधीच गाव सोडलं, पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. देऊळही बुडालं असंच धरून बसलेले. नकाशा पुढ्यात ठेवला. शाळा चौथीपर्यंतच, पण नदीवरून बोट सरकवत ओढ्याशी आले, चढाला वळले आणि माझ्याआधी देवळापाशी थांबले.

"हितं वाट हाय का अजून?"

"आबा, २०१० पासून ते व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. वनखात्याला विचारावं लागेल."

"मग इचार की," म्हणाले.

अर्ज कालच दिला.