उंचीच्या खात्यावर

एखाद्या खेळाडूची उंची सात फूट चार इंच असली की त्याच्याविषयीची समीक्षा बहुधा त्या आकड्यापाशीच अडखळते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू झॅक ईडी याच्या बाबतीत हेच घडले. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे तो तेथील महाविद्यालयीन खेळातील सर्वोत्तम खेळाडू ठरला; तरीही व्यावसायिक संघांच्या निवडीआधी अनेक जाणकार साशंक होते. पाय मंद, दुरून नेम साधत नाही, आणि व्यावसायिक खेळ तर आता तीन गुणांच्या रेषेबाहेर सरकलेला! यात तथ्य होते. त्याच्याहूनही उंच टॅको फॉलला २०१९च्या निवडीत एकाही संघाने घेतले नव्हते.

मला खटकला तो हिशेब. जमले ते उंचीमुळे, जमले नाही ते मात्र त्याच्यामुळे. (गोड गळ्याच्या कवीला मिळालेली दाद आपणही अशीच गळ्याच्या खात्यावर मांडतो.) २०२४च्या गुढीपाडव्याच्या सकाळी मी अंतिम सामना पाहिला. पर्ड्यू ७५-६० असे हरले. त्या ६० पैकी ३७ गुण एकट्या ईडीचे. टोरांटोत आइस हॉकी आणि बेसबॉल खेळत वाढलेला हा मुलगा बास्केटबॉलकडे उशिराच वळला होता. बास्केटखाली पाय रोवून जागा राखणे, दोघांचे रेटे सोसत चेंडू मिळवणे हे उंचीबरोबर येत नाही, शिकावे लागते.

मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले आणि पहिल्याच हंगामाअखेर नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत त्याचे नाव आले. जून २०२५ मध्ये त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. एवढा देह ते पाय किती हंगाम पेलतील, हा प्रश्न मात्र उंचीचाच आहे, आणि तो मलाही टाळता येत नाही.