सव्वादोन तोळ्यांची गोळी

जन्मात लवंगी फटाक्यापलीकडे काही न उडवलेल्या माणसाने पेनसिल्व्हेनियात येऊन जुनी लष्करी रायफल का घ्यावी, याचं उत्तर माझ्या बायकोला अजून मिळालेलं नाही. शेजारचे आजोबा पसारा आवरत होते, मला इतिहासाचं वेड, व्यवहार होऊन गेला. स्प्रिंगफील्डची ‘ट्रॅपडोअर’: वरचं झाकण बिजागरीवर उघडायचं, एकच काडतूस सरकवायचं, झाकण लावायचं. अमेरिकी लष्कराने १८७३ साली ती स्वीकारली आणि तिच्याबरोबर ‘.४५-७०’ हे काडतूस. पंचेचाळीस म्हणजे जाडी, इंचाच्या शंभराव्या भागांत. सत्तर म्हणजे काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. गोळी ४०५ ग्रेनची. १८० ग्रेनचा एक तोळा, म्हणजे गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची! हा हिशेब मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितला. “सव्वादोन तोळे शिसं,” एवढंच म्हणून ती आत गेली.

तयार काडतुसं महाग पडतात. आजोबांचा सल्ला असा, की झाडलेल्या काडतुसाची पितळी केस जपून ठेवायची आणि पुन्हा भरायची. त्यासाठी एक हाताने ओढायचा प्रेस लागतो आणि त्यात आट्यांनी बसणाऱ्या डाय. हे आटे बहुतेक सगळ्या कंपन्यांचे एकाच मापाचे असतात, त्यामुळे याची डाय त्याच्या प्रेसला चालते. एवढं कळल्यावर मी स्वतःला जाणकार समजून दोन डायचा संच शोधू लागलो. मिळेना. बाटलीसारखा गळा असलेल्या केसला दोन डाय पुरतात, सरळ नळकांड्यासारखीला तीन लागतात, आणि माझी केस तशी सरळ. पहिली डाय फुगलेली केस दाबून मापावर आणते आणि जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, ढकलून काढते. दुसरी केसचं तोंड आतून रुंदावून किंचित फाकवते. तिसरी गोळी बसवते आणि तोंडाची कड आत वळवून ती पकडून ठेवते. मधल्या डायवर पैसे उगाच गेले असं मला तेव्हा वाटलं.

आजोबा पिस्तुलाच्या केसी कोरड्याच डायमध्ये घालताना मी पाहिलं होतं. मीही घातली. गेली ती बाहेर येईना. दांड्यावर जोर दिला तर केसची मागची कडच तुटून हातात आली. त्यांच्या डायमध्ये कार्बाइडची कडी होती, माझी डाय साध्या पोलादाची. तिला वंगण लागतंच. अडकलेली केस काढायला तिच्या बुडात भोक पाडून, टॅपने आटे कापून, बोल्ट लावून ओढावं लागतं. ते सगळं आजोबांनी केलं. डायच्या खोक्यातला सूचनांचा कागद मात्र मला वाचायला लावला, तोही मोठ्याने.

मग गोळ्या. घरी शिसं वितळवायची हिंमत नव्हती, म्हणून ओतीव गोळ्या विकत घेतल्या. पुढून चपटी घ्यावी की गोल, यात माझी एक संध्याकाळ गेली. ती चिंता नळीत एकामागे एक काडतुसं ठेवणाऱ्या रायफलींची, जिथे मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. माझ्यात एका वेळी एकच काडतूस! खरा प्रश्न होता कडकपणाचा. शुद्ध शिसं ब्रिनेल मोजणीत ५ च्या आसपास. वीस भाग शिशाला एक भाग कथील घातलं की १०. छापखान्याच्या लायनोटाइपचा धातू २२ च्या घरात. कडक तेवढं चांगलं, असं धरून मी दुकानातल्या सगळ्यात कडक गोळ्या उचलल्या. माप ०.४५८ इंच, खोक्यावर ठळक छापलेलं. बसवताना गोळीच्या अंगाची शिशाची सालं निघाली, कारण मधली डाय मी जेमतेम टेकवली होती. दारू आजोबांनी मोजून दिली. पन्नास यार्डांवरच्या कागदावर भोकं पडली ती लांबट, गोळी आडवी होऊन गेल्यासारखी. नळीत डोकावलं तर आत शिशाचा राखाडी थर.

आजोबांनी विचारलं, नळी मोजलीस का? मला वाटलं होतं, ती लष्कराने मोजलीच असेल. त्या काळच्या नळ्या एकसारख्या नसतात, आणि गोळी नळीच्या आतल्या खाचांच्या तळापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने जाड हवी. बारीक असली की पेटलेला वायू बाजूने निसटतो, शिसं चाटून नेतो आणि नळीत थापतो. मऊ गोळी बूड फुगवून तेवढी फट कधीकधी भरून काढते. माझी कडक, तिने कसला प्रयत्नच केला नाही.

मोजायचं असं: नळीला तेल लावून, तिच्यापेक्षा जाड असा शुद्ध शिशाचा तुकडा दांड्याने हळूहळू आरपार ढकलायचा आणि त्यावर उठलेला ठसा मायक्रोमीटरने मोजायचा. मी मोजला. दर वेळी वेगळा आकडा, आणि कुठलाच पटण्यासारखा नाही. शेवटी भोसरीत टूलरूम चालवणाऱ्या मामाला व्हिडिओ कॉल केला. बंदुकीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुकडा कॅमेऱ्यासमोर फिरवायला लावून म्हणाला, “अरे, खाचा मोज की आधी. तीन आहेत. एका खाचेच्या समोर दुसरी खाच येतच नाही, उंचवटा येतो. तीन फ्लूटचा टॅप साध्या मायक्रोमीटरने मोजतात का कधी? व्ही-अ‍ॅन्व्हिलचा आण.” तसा मायक्रोमीटर गावातल्या, हत्यारांना धार लावणाऱ्याकडे मिळाला. खाचांचं माप ०.४५९. म्हणजे गोळी हवी ०.४६०.

तशी मऊ गोळी, वीसास एकची, मागवली. दुकानातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला (आनंद अशासाठी, की हे मला कुणी सांगितलं नव्हतं): माझ्या मधल्या डायचा खुंट तांब्याच्या आवरणाच्या ०.४५८ गोळीसाठी केलेला. त्याने रुंदावलेल्या केसमध्ये जाड, मऊ गोळी घुसवली तर केसच तिला आवळून बारीक करणार, आणि मोजमापाची सगळी मेहनत पाण्यात. ओतीव गोळ्यांसाठी दोन पायऱ्यांचा खुंट मिळतो: खालची पायरी केस आतून मोठी करते, वरची फक्त तोंड उघडते, गोळी सरळ उभी राहते. ज्या डायला मी फालतू म्हटलं होतं, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजले.

गोळी जाड झाली की काडतूसही जाड होतं, आणि ते रायफलीच्या घरात शिरेलच असं नाही. म्हणून आधी दारू आणि प्रायमर न घालता एक काडतूस बनवलं. ते अंगठ्याने आत गेलं, झाकण बसलं. मी आजोबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्यांनी विचारलं, आता दारूचं प्रमाण कुठून घेणार? मी नवं कोरं पुस्तक पुढे केलं. त्यात या एका काडतुसाचे तीन वेगळे तक्ते आहेत: एक ट्रॅपडोअरसाठी, बाकीचे जास्त दाब सोसणाऱ्या नंतरच्या रायफलींसाठी. काडतूस तिन्ही प्रकारच्या रायफलींत बसतं. दाब मात्र माझ्या बिजागरीच्या झाकणाला फक्त पहिल्या तक्त्याचाच सोसवतो. आजोबांनी पुस्तक हातात घेतलं, उरलेल्या दोन तक्त्यांची पानं जुळवली आणि चारी बाजूंनी स्टेपल मारून टाकली.