पंचाण्णवला कुठलं कॉलेज?

मुलीला एमएचटी-सीईटीत ९४.६ पर्सेंटाइल मिळाले, तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या घरात दोन तट पडले. सासूबाईंच्या हिशेबाने हे शंभरातले पंचाण्णव, म्हणजे पेढे वाटायचे. मोठे दीर म्हणाले, "नव्याण्णव नाहीत ना? मग आता पुण्याचं नावही काढू नका." तिसरा प्रश्न येणाऱ्या-जाणाऱ्यांचा: बारावीला किती? बारावीचे ब्याऐंशी टक्के सांगितले की चेहरे पडायचे. वास्तविक इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत बरोबरी सोडवण्यापलीकडे बारावीचे टक्के धरतच नाहीत. पात्रतेपुरते किमान गुण लागतात, पुढचं सगळं सीईटीवर.

मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. आकडा समोर आला की तो कुठून आला ते बघायची सवय. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या मागे शेकडा किती मुलं आहेत, ते. २०२५ साली पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) ग्रुपला चार लाखांवर मुलं बसली होती, म्हणजे एका पर्सेंटाइलच्या पोटात चार हजारांहून जास्त मुलं. लेकीच्या पुढे बावीस-तेवीस हजार. त्यातली काही आयआयटी-एनआयटीला जातात, काही कॅपला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला, नोंदणीच करत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष मेरिट नंबर थोडा वर सरकतो. लेक हा हिशेब ऐकून हिरमुसली. मला उलट बरं वाटलं. 'चांगले मार्क' या शब्दांवरून कॉलेज शोधता येत नाही, नंबरावरून येतं.

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या कटऑफच्या पीडीएफ असतात. पहिल्यांदा उघडल्या की डोळे फिरतात. पण कोड समजले की त्या पासबुकासारख्या वाचता येतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठीच्या जागा, ओ म्हणजे हद्दीबाहेरच्यांसाठीच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. प्रत्येक रकान्यात शेवटच्या प्रवेशाचा मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल. आम्ही ओबीसी, बारावी साताऱ्यातून, म्हणजे हद्द शिवाजी विद्यापीठाची. सांगली-कोल्हापूर-साताऱ्यातल्या बऱ्याच खासगी कॉलेजांसाठी आमचा रकाना एलओबीसीएच, पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांसाठी एलओबीसीओ, आणि सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अशा राज्यस्तरीय जागांच्या कॉलेजांसाठी एलओबीसीएस. बहुतेक पालक जीओपनएचचा एकच रकाना बघून हाय खातात किंवा हुरळून जातात. शेजारच्या दोन घरांत मी हे पाहिलं.

दोन वर्षांच्या तिसऱ्या फेरीचे नंबर मी वहीत उतरवले. पुण्याचं सीओईपी आणि पीआयसीटी, मुंबईचं व्हीजेटीआय यांचं कॉम्प्युटर आमच्या फार पुढे बंद झालेलं. तिथे स्वप्न बघण्यासारखंही काही नव्हतं. सांगलीच्या वालचंदचं कॉम्प्युटरही बरंच पुढे, पुण्याच्या कमिन्सचं ईअँडटीसी थोडं पुढे, पण हाताला लागेल न लागेल इतपत. वालचंदचं इलेक्ट्रॉनिक्स, कराडच्या शासकीय महाविद्यालयाचं आयटी आणि ईअँडटीसी आमच्या नंबराच्या आजूबाजूला. खाली सातारा-कोल्हापुरातली खासगी कॉलेजं, जिथे मिळणार हे नक्की.

खरी भांडणं इथून पुढे झाली. दिरांचं म्हणणं, कॉम्प्युटर मिळतंय ना, मग कॉलेज कुठलंही चालेल. त्यांच्या माहितीतल्या एका खासगी कॉलेजात एआय अँड डेटा सायन्स सहज मिळत होतं. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि त्याच्या भावकीतल्या शाखांच्या जागा वाढत चालल्यात. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो, हा आमचा फायदाच. पण एवढ्या मुलांना शिकवायला माणसं कुठून आणणार? आम्ही त्या कॉलेजात जाऊन आलो. इमारत देखणी होती. विभागात पूर्णवेळ किती प्राध्यापक आहेत या प्रश्नाला तिथल्या बाईंनी प्लेसमेंटचं माहितीपत्रक हातात दिलं. लेक बाहेर येऊन म्हणाली, "आई, हे यादीत नको. मिळालं तर जावं लागेल."

तिच्या त्या वाक्यावर आमची सगळी यादी बेतली. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात आणि लोक भरतात, कुठे जायचं नाही तेसुद्धा. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं की तेच. नाही म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद. त्यामुळे वरचे सहा क्रमांक 'बघू तरी' म्हणून भरायचे नव्हते.

माझा भाऊ मात्र उलटं सांगत होता. "अगं ताई, मिळणारं कॉलेज पहिलं टाक. खाली टाकलंस तर ज्याने पहिलं टाकलंय त्याला मिळेल." हा समज घरोघरी आहे आणि तो साफ खोटा आहे. संगणक मेरिट नंबराच्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याची यादी वरून खाली वाचतो. हिने कराड पाचवं लिहिलं म्हणून हिच्या मागच्या नंबरवाल्याला ते आधी मिळत नाही. मिळण्याच्या शक्यतेवर यादी लावायचीच नसते, आवडीवर लावायची. शक्यता लागते ती यादी कुठपर्यंत न्यायची ते ठरवायला.

मध्ये एका समुपदेशकाकडेही जाऊन बसलो. 'गॅरंटीड ऑप्शन फॉर्म'चे दहा हजार मागितले. त्यांनी नमुना म्हणून दाखवलेली यादी जीओपनएचच्या रकान्यावरून केलेली होती. आम्ही चहा पिऊन निघालो.

आमची यादी एकवीस पर्यायांची झाली. वर वालचंदचं कॉम्प्युटर, कमिन्स, मग वालचंदच्या दोन शाखा, पाचवं कराडचं आयटी. पहिल्या फेरीत खूप खालचं काहीतरी आलं, घरात सुतकी शांतता. दुसऱ्या फेरीत थोडं वर सरकलो. तिसऱ्या फेरीत पाचवा पर्याय लागला, म्हणजे नियमाने पक्का.

"कॉम्प्युटर नाही मिळालं शेवटी," असं दीर अजून म्हणतात. त्यांना आयटी आणि कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमातलं साम्य समजावण्याचा नाद मी सोडला आहे. कराड एसटीने दीड तासावर आहे. लेक हॉस्टेलला राहते आणि गणितावर अजून वैतागते. सीईटीतही गणिताचा प्रश्न दोन गुणांचा आणि बाकीचे एकेक गुणाचे, तिथेच तिचं पर्सेंटाइल अडलं होतं.

पैशांचंही सांगायला हवं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याच्या 'मनासारख्या शाखे'ला ही सवलत नाही. खासगी कॉलेजच्या दारात कोणी घाई करायला लावलं, तर हे आधी आठवा. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचे दाखले निकालाआधी काढून ठेवा, जूनमध्ये तहसील कार्यालयात उभं राहायला जागा नसते. आणि कुणाला दहा हजार मोजण्याआधी कटऑफच्या त्या पीडीएफ उघडा. त्या फुकट आहेत.