नव्या वर्षाचा शिक्का : टोकियोंतील एक महिना

जपानांत इसवी सनाचें नवें वर्ष आपल्याकडील दिवाळीच्या तोलानें साजरें होतें. १८७३ सालीं त्या देशानें जुनें पंचांग सोडून पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली आणि नववर्षाचा सण आपल्या बहुतेक सोपस्कारांसह १ जानेवारीवर येऊन बसला. त्यांतील एक सोपस्कार पत्राचा आहे. आप्त, गुरु, मित्र, कचेरींतील वरिष्ठ यांस वर्षांतून एकदां अभीष्टचिंतनाचें कार्ड धाडावयाचें. त्यास 'नेंगाजो' असें म्हणतात. १५ डिसेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत पेटींत पडलेलीं हीं कार्डें पोस्ट खातें जपून ठेवतें आणि १ जानेवारीस घरोघर पोंचवितें. ही खास व्यवस्था १८९९ सालीं सुरू झाली. युद्धामुळें १९४० सालीं थांबली ती १९४८ सालीं पुन्हां चालू झाली.

२०२४ च्या डिसेंबरांत कन्येकडे टोकियोस महिनाभर राहण्याचा योग आला. तिचें बिऱ्हाड निशी-कासाई भागांत आहे. तेथें भारतीयांची वस्ती मोठी. तूरडाळीपासून हिंगापर्यंत सर्व जिन्नस मिळतात, त्यामुळें जिव्हेचा वनवास घडत नाहीं. गिंझा या प्रख्यात पेठेंत १९०४ पासूनचें 'इतोया' नांवाचें लेखनसाहित्याचें दुकान आहे. तेथें रबरी शिक्क्यांची रांगच्या रांग पाहिली: फुजी पर्वत, बगळा, देवदार, आणि जेथें तेथें सर्प! जपानी लोक बारा वर्षांचें एक चक्र मानतात. प्रत्येक वर्षास एक प्राणी, आणि २०२५ हें वर्ष सर्पाचें. शुभेच्छापत्रावर सर्प पाहून प्रथम मन कचरलें. पण चौकशी करतां समजलें कीं पांढरा सर्प हा तेथें बेंझाइतेन देवीचा दूत, आणि ही बेंझाइतेन म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून आपली सरस्वती! बौद्ध धर्माच्या सोबतीनें चीनमार्गें ती तेथें गेली आणि हातांत वीणेऐवजी 'बिवा' नामक तंतुवाद्य घेऊन स्थिरावली. जन्मभर जिची उपासना केली ती इतक्या दूर अशा रूपानें भेटावी, याचें मोठें नवल वाटलें.

शिक्का उमटवून वर हातानें थोडा रंग देण्याची रीत त्या देशास नवी नाहीं. तेथील लाकडी ठशांचीं जुनीं चित्रें आरंभीं केवळ काळ्या शाईचीं असत. मग त्यांवर कुंचल्यानें शेंदरी, पिवळा, हिरवा असे मोजके रंग भरूं लागले. पुढें १७४० च्या सुमारास तांबड्या व हिरव्या रंगाचे वेगळे ठसे निघाले. अखेर १७६५ सालीं सुझुकी हारुनोबू याच्या हातून बहुरंगी छपाई पूर्णत्वास गेली. तिला निमित्त झालें तेंही नववर्षाचेंच. त्या सालीं एडो शहरांतील हौशी मंडळींनीं एकमेकांस चित्रपंचांगें भेट देण्याचा छंद घेतला होता. वर्षांतील मोठे महिने कोणते आणि लहान कोणते, हें चित्रांतील वस्त्राच्या नक्षींत लपवून दाखवावयाचें! या चढाओढींतून तेथील मुद्रणकलेचें एक मोठें पाऊल पुढें पडलें.

घरगुती कार्डांसाठीं पूर्वीं बटाटा अथवा रताळें कापून त्याचा शिक्का करीत. १९७७ सालीं 'प्रिंट गोक्को' नांवाचें लहानसें छपाईयंत्र निघालें. तें घरोघर शिरलें आणि २००८ सालीं विक्रींतून गेलें. खोडरबर कोरून शिक्के करण्याची हौस मात्र टिकली आहे. नॅन्सी सेकी (मृत्यु २००२) या लेखिकेनें आपल्या लेखांसाठीं नामांकित मंडळींचे चेहरे खोडरबरावर कोरून ही कला लोकप्रिय केली.

आमच्या बिऱ्हाडाजवळील सभागृहांत एक वृद्ध बाई मुलांस हें काम शिकवीत. नातीबरोबर मीही जाऊं लागलों. दुभाषाचें काम नातीनेंच केलें. चित्र ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीनें काढावें, कागद रबरावर पालथा घालून नखानें घासावा, म्हणजे तें उलटें उमटतें व शिक्क्यानें पुन्हां सुलटें होतें. अक्षरें असल्यास ही काळजी विशेष. कोरतांना पातें रेषेपासून बाहेर कलतें धरावें. रेषेचा पाया डोंगराच्या पायथ्यासारखा रुंद राहतो. आंतून पोखरल्यास ती दाबाखालीं मोडते. मोठा शिक्का गादीवर दाबूं नये. तो हातांत उताणा धरून त्यावर गादी हलकेच टिपावी, म्हणजे शाई सर्वत्र सारखी लागते. चित्रांत जें पुढें असेल तें आधीं उमटवावें, त्यावर त्याच आकाराचें कागदाचें कातरण झांकावें, आणि मग मागील वस्तूचा शिक्का मारावा. मागची वस्तु आपोआप मागें जाते. शाई वाळल्यावर पाण्यानें न विरणारी हवी, नाहींतर जलरंगाचा कुंचला लागतांच रेषा पसरते.

त्यानंतर रंग. पुढें प्लमची फुललेली फांदी व देवदाराची डहाळी, मागें वेटोळें घातलेला सर्प, असें चित्र होतें. नातीनें सर्व रंगविण्यास पेटी उघडली, तों बाईंनीं तिचा हात धरला. सर्प पांढरा आहे, तो कागदच राहूं द्यावा. फक्त डोळा तांबडा, आणि फांदीवरचें एकच काय तें रंगवावें. कोणतें, हें कार्ड कोणास जावयाचें यावर ठरे! बाईंपाशीं त्या त्या माणसाचें गेल्या वर्षींचें कार्ड असे. तें वाचून मग कुंचला उचलीत. नातू झाल्याचें ज्यानें कळविलें होतें त्याच्या कार्डावर एक मिटलेली कळी गुलाबी झाली. आजारांतून उठलेल्या एका मित्रासाठीं देवदार हिरवा झाला. शिक्का सर्वांस एकच. त्यानें वांचलेला वेळ त्या एवढ्याशा रंगांत, म्हणजे त्या माणसाचें स्मरण करण्यांत खर्चीत. ज्यांच्या घरीं त्या वर्षांत मृत्यु झाला असेल त्यांचें तसें पत्र अगोदरच येतें व त्यांस शुभेच्छा पाठवीत नाहींत; अशीं नांवें त्यांनीं यादींतून बाजूस काढून ठेवलीं होतीं.

त्याच मेजावर पत्रांचा एक निराळा गठ्ठा होता. वय झालें, हात चालत नाहीं, तरी पुढील वर्षापासून नेंगाजो बंद करीत आहों, क्षमा असावी, अशा आशयाचा मजकूर त्यांत छापलेला. या निरोपाच्या पत्रांसही जपानींत रूढ नांव पडलें आहे, यावरून तीं किती जातात हें ध्यानीं यावें. २००४ सालच्या नववर्षासाठीं पोस्टानें सुमारें ४४५ कोटी कार्डें काढलीं होतीं. २०२५ साठीं आरंभीं काढलीं तीं सुमारें १०७ कोटी. १ ऑक्टोबर २०२४ पासून कार्डाचा दर ६३ येनांवरून ८५ येन झाला, हेंही एक कारण; मोबाईल हें त्याहून मोठें. त्या गठ्ठ्यांतील प्रत्येकास बाईंनीं त्या वर्षीं कार्ड पाठविलें. तीं त्यांनीं सर्वांआधीं रंगविलीं, आणि खालीं उत्तराची अपेक्षा नाहीं असें स्वहस्तें लिहिलें.

महायुद्धानंतर आप्त कोठें आहेत, जिवंत आहेत कीं नाहींत, हें हजारों कुटुंबांस ठाऊक नव्हतें. अशा काळांत या प्रथेनें पुन्हां जीव धरला, आणि १९४९ च्या डिसेंबरांत पोस्टानें सोडतीचे क्रमांक छापलेलीं कार्डें काढून तिला आणखी उत्तेजन दिलें. आपण अजून आहों, आणि तुमची आठवण आहे, एवढाच त्या कार्डाचा मूळ मजकूर. तो मोबाईलवरहि पोंचतो, हें खरें. पण एकच चित्र शंभर जणांस एका क्षणांत धाडतांना त्यांतील एकाचेंही मुख डोळ्यांपुढें येत नाहीं, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पडताळून पाहावें.

आपल्या घरांतूनही संक्रांतीस तिळगुळाचीं भेटकार्डें जात असत. पाकिटांत हलव्याचे चार दाणे घातलेले असत व ते पोंचेपर्यंत निम्मे फुटत. वडील माणसें पत्ते सांगत, मुलें लिहीत, आणि कोण कोणाचा कोण हें नातें मुलांस त्या निमित्तानें कळे. येत्या संक्रांतीस ही रीत पुन्हां धरण्यास खर्च फारसा नाहीं. एक मोठें खोडरबर, एक कोरणी, शाईची गादी आणि एकच रंग पुरे. शिक्का पतंगाचा करावा कीं सुगडाचा, हें मुलांनीं ठरवावें. कोरतांना मात्र वडिलांपैकीं कोणी जवळ असावें, कारण कोरणीचें पातें तीक्ष्ण असतें. कोणाच्या कार्डावर काय रंगवावें, हें आजीस विचारावें; तिच्याइतकें तें घरांत दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.