एका फेरीत दोनदा!

घरात पान्यांची पेटी आहे? सॉकेट सेट? मग उठा, आत्ता उठा! त्यात एक वाकणारा तुकडा असतो बघा, दोन शिंगं इकडे, दोन शिंगं तिकडे आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस. तो घ्या. सरळ धरून फिरवा. छान फिरतो ना? आता वाकवा, चांगला वाकवा, आणि एक टोक अगदी सावकाश, एकाच वेगाने फिरवत दुसऱ्या टोकाकडे बघत राहा. बघा! ते एकसारखं फिरत नाहीये! मध्येच पळतं, मध्येच रेंगाळतं, पुन्हा पळतं, पुन्हा रेंगाळतं! एका फेरीत दोनदा! दर फेरीत दोनदाच!

मला हे नुकतंच कळलंय आणि मी तेव्हापासून भेटेल त्याच्या हातात हा तुकडा देत सुटलेय. मी इंजिनिअर नाही, मेकॅनिक नाही. गिअरबॉक्सचं किंवा डिझेल पंपाचं मला काही विचारू नका. पण हा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, मी हातात धरून फिरवलाय, गाडीखाली आडवी होऊन चाचपलाय, आणि त्याच्याबद्दल आता मला गप्प बसवत नाही!

झालं असं की आमच्या दादाची जुनी जीप. पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, साताऱ्याकडची. या जीपच्या आजोबांचं, म्हणजे महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या विलिजचं, स्टिअरिंग किती साधं होतं! हातातल्या चाकापासून खालच्या स्टिअरिंग बॉक्सपर्यंत एक सरळ दांडा! जोडच नाही! पण दादाला पॉवर स्टिअरिंग हवं होतं, मग दुसऱ्या गाडीचा बॉक्स आला, तो जुन्या जागी बसेना, मग मध्ये एक छोटा शाफ्ट आला, त्याच्या दोन टोकांना दोन क्रॉस आले, आणि मग मोठे टायर हवे म्हणून दादाने बॉडी आणि चॅसीच्या मध्ये गोल ठोकळे घालून बॉडी वर उचलली, आणि मग वरंधा घाटात प्रत्येक वळणाला स्टिअरिंग जड, हलकं, जड, हलकं! सरळ रस्त्यावर काही नाही. वळणावर चाक पुरतं फिरवलं की हाताला अशी लाट लागायची. दादा म्हणाला पंप गेला. कुणी म्हणालं हवा धरलीय. कुणी म्हणालं टायरच फार मोठे आहेत.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, एका फेरीत किती वेळा जड होतं?"

मोजलं. दोनदा!

अहो, हाच तर सगळा उलगडा आहे! पंपाला काय माहीत चाकाची फेरी कुठे सुरू झाली? बॉक्समध्ये आत खाच पडली असेल तर स्टिअरिंग एका ठरावीक जागी अडतं, बहुतेक सरळ चालताना असतं तिथेच. पण दर अर्ध्या फेरीला न चुकता जड होत असेल तर बोट क्रॉसकडे दाखवायचं! किती सोपं आहे हे! एक पैसा लागत नाही, पाना लागत नाही, फक्त मोजायचं!

आणि मग मी वाचायला बसले आणि मला कोण भेटलं असेल? हूक! शाळेत स्प्रिंगला वजन टांगून ज्याचा नियम शिकलो तो रॉबर्ट हूक! म्हणजे जीप ज्या स्प्रिंगांवर उभी आहे तिथेही हूक आणि स्टिअरिंगच्या जोडातही हूक! त्याच्याआधी, १६६४ मध्ये, गास्पर शॉट नावाच्या जर्मन पाद्र्याने या जोडाबद्दल लिहिलं होतं, पण हा जोड एकसारखाच फिरतो असा त्याचा समज होता. १६७६ मध्ये हूकने लिहिलं की नाही, हा कमीजास्त वेगाने फिरतो, आणि पुढची गंमत ऐका, त्याला हा दोष वाटलाच नाही! सूर्यघड्याळाच्या तबकडीवर सावली तरी कुठे एकसारखी सरकते? तीही कधी भरभर, कधी हळू. आणि ते कमीजास्त होणं या जोडाच्या कमीजास्त होण्याशी हुबेहूब जुळतं! म्हणजे हा जोड योग्य कोनात वाकवला तर तो सावलीच्या चालीने चालतो! मी हे वाचलं आणि उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या! आणि मग १६८३ मध्ये त्यानेच उपाय सांगितला: एक जोड वेडावाकडा फिरतो ना, मग दोन लावा, आणि असे लावा की पहिला पळाला की दुसरा रेंगाळेल. फुगडीत एक जण जितकी मागे रेलते तितकीच दुसरी रेलते आणि दोघी सावरतात, तसंच!

आता तुमच्या त्या पेटीत असे दोन तुकडे असतील तर (नसतील तर शेजाऱ्यांकडून आणा, जा!) मध्ये एक्स्टेन्शनची दांडी घालून दोन्ही जोडा. दांडीच्या दोन्ही टोकांना लागलेली शिंगं एकाच पातळीत ठेवा, दोन्हीकडे सारखाच बाक द्या आणि फिरवा. गुळगुळीत! आता एक तुकडा काढा, पाव फेरी वळवून त्याच चौकोनी खुंटीवर परत बसवा, पुन्हा फिरवा. बघा कसा उसळतो! एकाची चूक दुसऱ्याने निस्तरायची तर तो तीच वाढवतोय! त्याच दोन वस्तू, तोच बाक, फक्त पाव फेरीचा फरक!

दादाच्या जीपमध्ये नेमकं हेच झालं होतं. पॉवर स्टिअरिंग बसवताना मधला शाफ्ट उघडला गेला होता आणि परत घालताना खाचांचे काही दात इकडेतिकडे झाले होते. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते, शाफ्ट काढण्याआधी खडूने, पेंटने, नेलपॉलिशने, कशानेही दोन्ही भागांवरून जाणारी एक सलग रेघ मारा! जिथे तीन दांडे एका पातळीत नसतात तिथे कंपनी मुद्दाम शिंगं थोडी तिरकी बसवते. तेव्हा डोळ्यांना सरळ दिसतंय तेच बरोबर असंही नाही. रेघ मारा!

पण मग बॉडी उचलण्याआधी हे जाणवलं का नाही? हा प्रश्न मला झोपू देईना. उत्तर कोनात आहे आणि ते आकडे मी पुन्हा पुन्हा बघतेय. क्रॉस १५ अंश वाकलेला असेल तर जड जागा आणि हलकी जागा यांत फरक जेमतेम ७ टक्के. हाताला कळतही नाही! २० अंशांना १३ टक्के. ३० अंशांना? ३३ टक्के! कोन दुप्पट आणि फरक जवळजवळ पाचपट! आणि ४५ अंशांना तर जड जागा हलक्या जागेच्या बरोब्बर दुप्पट! म्हणजे खोट आधीपासून होती, गुपचूप बसली होती, आणि ठोकळ्यांनी कोन वाढवला तशी ती बोलायला लागली. स्टिअरिंगचा एकटा क्रॉस साधारण ३५ अंशांपलीकडे नेऊ नये असं धरतात. त्यापुढे दुहेरी जोड लावतात, किंवा तिसरा क्रॉस आणि शाफ्टला मध्ये आधार देणारं बेअरिंग.

कोन मोजायला मोबाइल पुरतो, पण थांबा! बाजूने मोजून भागत नाही, वरूनही बघावं लागतं. बाजूने २० अंश आणि वरून २० अंश दिसत असेल तर खरा बाक सुमारे २७ अंशांचा असतो! लपलेले सात अंश!

आणि उचलणं म्हणजे सगळं एकच नव्हे, हे तर मला कुणी सांगितलंच नव्हतं! पट्टे किंवा त्यांना चॅसीशी जोडणारे शॅकल बदलून गाडी उचलली तर चॅसी आणि बॉडी दोन्ही एकत्र वर जातात. स्टिअरिंगचा बॉक्स चॅसीवर, वरचा दांडा म्हणजे कॉलम बॉडीवर, दोघांमधलं अंतर तेवढंच! शाफ्टला पत्ताही लागत नाही! तिथे तिरका होतो तो बॉक्सपासून पुढच्या टायरकडे जाणारा ड्रॅग लिंक, आणि मग स्टिअरिंग वाकडं उभं राहतं, खड्ड्यात चाक वरखाली झालं की गाडी आपोआप वळते. बॉडी लिफ्टमध्ये मात्र कॉलम वर आणि बॉक्स खालीच. शाफ्ट ताणला जातो! तो एकात एक सरकणारा असतो म्हणून लांबतो, पण लांबला की आतली पकड कमी होते, आणि खडकांवर चॅसी पिळवटली की तो आणखी सरकतो. ती पकड गाडी तिरपी उभी करून तपासायची. इथे मी हसत नाहीये. शाफ्ट निसटला तर हातात नुसतं चाक उरेल. आणि कुणी म्हणालं, "मध्ये पाइप घालून वेल्ड मारून देतो," तर गाडी घेऊन निघा! हा शाफ्ट टकरीत दबला जावा म्हणूनही सरकता ठेवलेला असतो, कॉलम छातीत घुसू नये म्हणून!

बरं, आता खाली चला. गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायचं आणि तुम्ही क्रॉसच्या दोन्ही शिंगांवर बोटं ठेवायची. "ताई, बघू नका, बोटांनी ऐका," असं मिस्त्री म्हणाले आणि खरंच कळतं! एक बोट हललं आणि दुसरं क्षणभर मागे राहिलं की तिथे प्ले, म्हणजे ढिलाई आहे! मग बॉक्सकडचा जोड सोडवून क्रॉस चारही बाजूंना वाकवून बघायचा. चांगला क्रॉस स्वतःच्या वजनाने लुळा पडतो. आमचा खालचा एका दिशेला लुळा आणि दुसऱ्या दिशेला ताठ! सह्याद्रीतला पावसाळा, चिखल, ओढ्याचं पाणी, वर सायलेन्सरच्या पाइपाची धग, ग्रीस कधीच संपलेलं, आत सुईसारखी बारीक बेअरिंगं असतात ती गंजून चिकटलेली. सुया! खरोखर सुया! मी त्या तळहातावर घेतल्या!

एक सांगायचं राहिलं. एअरबॅगची गाडी असेल तर शाफ्ट सोडवण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून टाका. ते मोकळं गरगर फिरलं तर आतली गुंडाळलेली तार तुटते. आणि जोड आवळणारा तो छोटा बोल्ट बघितलात? शाफ्टवर त्याच्यासाठी खाच कापलेली असते, बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो! म्हणजे बोल्ट सैल झाला तरी तो जागेवर असेपर्यंत शाफ्ट बाहेर येऊ शकत नाही! कुणीतरी बसून हा विचार केलाय! म्हणून खाच जुळल्याशिवाय बोल्ट ठोकायचा नाही, नवाच बोल्ट घालायचा आणि थोडी गाडी चालवून पुन्हा आवळून बघायचा.

नवा क्रॉस बसला, शिंगं जुळली, आणि मग आम्ही वरंधा घाटात गेलो आणि दादाने पहिल्या वळणाला चाक फिरवलं आणि तो काहीच बोलला नाही, मग दुसऱ्या वळणाला म्हणाला, "तू धर बघू." मी धरलं. लाट नाही! कुठेच नाही! मी मोठ्याने मोजत होते आणि मोजायला काही सापडतच नव्हतं!

आता एकच उरलंय. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला हवं, ते अजून आळस करतं. क्रॉस ताठ असला की असं होतं, पण आता तर तो लुळा आहे! मिस्त्री म्हणतात, पुढे शॅकल लांब घातलेत, त्याने अ‍ॅक्सल फिरलाय आणि कॅस्टर कमी झालाय. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. तो मोजायचा कसा हे मी कालपासून वाचतेय आणि त्यातही एक भन्नाट गोष्ट आहे, चाक आधी २० अंश एका बाजूला, मग २० अंश दुसऱ्या बाजूला वळवून दोन्हीकडचा झुकाव बघायचा! एकाने आत बसायचं, एकाने बाहेर बघायचं. रविवारी सकाळी येताय ना?