कचेरीतली दिवाळी आणि हाऊसी

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत दिवाळी जवळ आली की ‘फन कमिटी’ बसते. रांगोळी, आकाशकंदील, पारंपरिक वेश, अंताक्षरी अशी यादी पहिल्याच बैठकीत फळ्यावर चढते. पण माणसं चारपाचशे असली की अंताक्षरीत गाणारे मोजकेच उरतात. बाकीचे हळूच फराळाच्या टेबलाकडे सरकतात.

म्हणून हाऊसी टिकून आहे.

तिची रचनाच गर्दीला सोयीची. १ ते ९० आकडे. तिकिटावर ३ ओळी, प्रत्येक ओळीत ५, म्हणजे एकूण १५ आकडे. ना गळा लागतो, ना नाचायची हिंमत. ‘जल्दी फाइव्ह’, मग एकेक ओळ आणि शेवटी ‘फुल हाउस’, अशी बक्षिसं विभागलेली असल्यानं आशा शेवटपर्यंत सुटत नाही. आकडे पुकारणारा मिश्कील असला, तर एरवी मान वर न करणारे अकाउंट्सवालेही ‘अजून एकच राहिलाय!’ म्हणून ओरडतात.

आकाशकंदिलाची स्पर्धा विभागवार ठेवलेली बरी. कामट्या, घोटीव कागद आणि खळ समोर आली की साहेब आणि नवा ट्रेनी एकाच टेबलाशी खपतात.

वेळेचं भान मात्र हवं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गावी निघणाऱ्यांचा जीव एसटीत अडकलेला असतो. कार्यक्रम दुपारीच उरका, आणि हाऊसीचं तिकीट सुरक्षारक्षक, सफाई कामगारांच्याही हाती द्या.