पनागरला थांबलेली गाडी

जबलपूरहून सिहोऱ्याकडे निघालो होतो. पनागरजवळ मटारच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती. गिअरबॉक्स तापल्याची सूचना पडद्यावर आली, आणि ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी सरकेना. इंजिन मात्र शांतपणे चालूच. माझ्या गाडीतल्या कोरड्या दुहेरी क्लचला असं रांगणं सोसत नाही. घर्षणाची उष्णता वाहून न्यायला तिथं तेल नसतं. सर्व्हिसवाले म्हणाले, "तुमची चालवायची सवय." खर्चापेक्षा हेच जास्त लागलं. आजाऱ्यालाच पथ्यावरून दटावावं, तसं. इतकं का लागलं, कोण जाणे. मोठी गाडी घेताना आपण थोडा मोठेपणाही विकत घेतो बहुधा. असो. पुढं तक्रार करायची वेळ आली तर पुरावा हवा, म्हणून सर्व्हिसची जॉबकार्डं जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार दाखल करायला तिचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.